बाळाच्या नाळेला आठवडाभर बेटाडीन लावलं: आता काय करायचं, आणि मिठाचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंनी विचारलं आहे. चौतीस आठवड्यांचं, १९०० ग्रॅम वजनाचं लेकरू चार दिवस एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या सरकारी कक्षात) राहून घरी आलं. नाळ ओलसर दिसते म्हणून आजीनं औषधाच्या दुकानातून १० टक्क्यांचं बेटाडीन (पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक) आणलं, पाचव्या दिवसापासून रोज तीनदा कापसानं लावलं आणि वरून कापडाची पट्टी बांधली. आज बाळ बारा दिवसांचं आहे. बाळंतिणीच्या टाक्यांनाही तेच औषध चालू आहे. उपकेंद्राच्या सिस्टरनं ‘यानं थायरॉइड बंद पडते’ म्हणून ते थांबवायला सांगितलं. आता घरचे विचारतात, आयोडीन एवढं वाईट असेल तर आयोडीनचं मीठ कशाला खायला लावता?

ताई, सिस्टरनं बरोबर सांगितलं. घरच्यांचा प्रश्नही वावगा नाही, त्याच्याकडे शेवटी येते. आधी आजचं काम.

बेटाडीन आजपासून बंद. पट्टी सोडून टाका. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ सुती कापडानं बेंबीभोवतीची तपकिरी झालेली कातडी हलक्या हातानं पुसा आणि कोरडी करा. घासू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ असते, डाग पूर्ण गेला नाही तरी चालेल. लंगोट नाळेच्या खाली दुमडा, म्हणजे शू वर चढणार नाही. बाळ दोन किलोच्या आत आहे, तेव्हा यासाठी त्याला न्हाऊ घालायची गरज नाही. कांगारू पद्धतीनं छातीशी धरणं चालू ठेवा. आणि उद्या-परवात बाळाच्या रक्ताची टीएसएच आणि फ्री टी-फोर तपासणी होईल अशी सोय करा. टी-फोर म्हणजे गळ्यातली थायरॉइडची गाठ बनवते ते हार्मोन, फ्री टी-फोर हा त्यातला मोकळा भाग. टीएसएच म्हणजे गाठीला काम करायला लावणारा मेंदूकडचा निरोप, हार्मोन कमी पडलं की तो वाढतो. ही तपासणी ‘बाळ बरं दिसते’ म्हणून पुढे ढकलायची नाही.

एवढा आग्रह का, ते आकड्यांनी कळतं. १० टक्के पोव्हिडोन आयोडीनच्या एका मिलीलीटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम मोकळं होऊ शकणारं आयोडीन असतं, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. या वजनाच्या बाळाची दिवसभराची गरज आहे शंभर मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. कातडीतून शंभरातला एकच भाग आत गेला असं धरलं, तरी एका मिलीलीटरनं दिवसाचा कोटा संपतो. इथं दिवसातून तीनदा लावलं, वरून पट्टी. झाकलेल्या, दमट कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. लंगोटाखालच्या पुरळावर बेटाडीन मलम लावतात तेव्हा नेमकं हेच होतं. शिवाय चौतीस आठवड्यांच्या बाळाची कातडी पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा कच्ची असते आणि पडलेल्या नाळेची जागा तर उघडी जखमच. मोठ्या माणसाच्या थायरॉइडमध्ये १० ते २० मिलिग्रॅम आयोडीन साठलेलं असतं. नवजात बाळाच्या गाठीत जेमतेम काहीशे मायक्रोग्रॅम मावतं. एवढ्याशा कोठारावर हा मारा आहे.

जास्त आयोडीन मिळालं तर जास्त हार्मोन बनायला पाहिजे, असं वाटणं साहजिक आहे. होतं उलटंच. वुल्फ आणि चैकॉफ या दोघांनी १९४८ मध्ये उंदरांवर दाखवलं की आयोडीन एकदम वाढलं की थायरॉइड हार्मोन बनवणं थांबवते. जिनिंगमध्ये एका दिवशी कापसाच्या शंभर गाड्या येऊन पडल्या आणि मशीन बंद करावी लागली, तसं. मोठ्या माणसाची गाठ एक-दोन दिवसांत फाटकावर गाड्या थांबवते, आतला माल कमी होतो आणि मशीन पुन्हा चालू होते. हे फाटक बंद करायचं कसब बाळाच्या गाठीत गरोदरपणाच्या छत्तीसाव्या आठवड्याच्या सुमारास पक्कं होतं. त्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ते नसतं. गाड्या येत राहतात, मशीन बंदच राहते. पूर्ण दिवसांचं बाळही यातून अगदी सुटत नाही, पण त्याचा धोका बराच कमी.

मशीन बंद राहण्याचा खरा फटका मेंदूला बसतो. पहिली दोन-तीन वर्षं, त्यातही पहिले काही महिने, मेंदूची वाढ थायरॉइड हार्मोनवर टेकलेली असते. आयोडीनच्या माऱ्यानं आलेली कमतरता बहुतेक वेळा तात्पुरती असते. औषध थांबवल्यावर काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत गाठ आपोआप सुरू होते. पण ‘तात्पुरती’ या शब्दानं फसू नका. महिनाभर हार्मोन कमी राहिलं तर तो महिना बाळाच्या मेंदूला परत मिळत नाही. म्हणून तपासायचं, आणि कमी निघालं तर थायरॉइड हार्मोनची (लेव्होथायरॉक्सिनची) गोळी द्यायची. पुढे लागली नाही तर बंद करता येते.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करते, नाहीतर गावात उगीच भीती पसरेल. सलाइन लावताना किंवा ऑपरेशनआधी दवाखान्यात एकदा कातडी बेटाडीननं पुसली, तर त्यासाठी पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाची तपासणी करत बसायची गरज नसते. अगदी लहान बाळात तेही जपूनच वापरतात. थोडंसं लावायचं, सुकेपर्यंत साधारण दोन मिनिटं थांबायचं, काम झालं की निर्जंतुक पाण्यानं किंवा सलाइननं पुसून काढायचं. पाठीखाली औषध साचू द्यायचं नाही, साचलं तर कातडी भाजल्यासारखी होते. अडचण आहे ती रोज, दिवसातून अनेकदा, मोठ्या जागेवर किंवा उघड्या जखमेवर लावण्याची.

आता तपासणी. रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

जन्मल्यावर अर्ध्या तासात प्रत्येक बाळाचं टीएसएच ६० ते ८०पर्यंत उसळतं, मग पहिल्या दिवसात झपाट्यानं उतरतं. म्हणून टाचेतून रक्त घ्यायचं तर ४८ ते ७२ तासांनंतर घेतात. नाळेच्या रक्तावरही तपासणी होते. पण तुमच्या या बाळाची तेव्हा तपासणी झाली असती आणि ‘नॉर्मल’ आली असती, तरी आज तिचा उपयोग नव्हता, कारण बेटाडीन पाचव्या दिवसापासून सुरू झालं. म्हणून आता एक तपासणी, आणि ती चांगली आली तरी चौथ्या आठवड्यात दुसरी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत टीएसएच उशिरा वाढायची सवय असते, मेंदूतली यंत्रणाही कच्ची असते ना. त्यामुळे आयोडीन लागलं असो वा नसो, अशा बाळांची दुसरी तपासणी दोन ते चार आठवड्यांत करतातच. तुमच्या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या गृहभेटीला ती जोडून घ्या, विसरणार नाही.

रक्त शिरेतून घेतलेलं बरं. घेताना कातडी स्पिरिटनं पुसायला सांगा, बेटाडीननं नको. टीएसएच एकटं करू नका, सोबत फ्री टी-फोर किंवा टी-फोर हवंच.

तालुक्याच्या लॅबमधल्या छापील रिपोर्टवर उजवीकडे जी ‘नॉर्मल रेंज’ असते, ती बहुधा मोठ्या माणसांची असते. त्यातून दोन चुका होतात. एक, बाळाचं टीएसएच ६ किंवा ७ आलं की पुढे ‘हाय’ छापलं जातं आणि घरात रडारड सुरू होते. या वयात एवढं चालतं. दुसरी चूक उलट्या दिशेची आणि जास्त महागाची. मोठ्यांच्या रेंजमध्ये टी-फोर ६ मायक्रोग्रॅम असलं तर ‘नॉर्मल’ छापून येतं. पण नवजात बाळात ते १०च्या खाली असेल तर कमीच समजायचं. फ्री टी-फोरची हद्द १.१७ नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटर. म्हणून रेंजचा रकाना पाहूच नका, आकडा पाहा.

डॉक्टर साधारण असं वाचतात. टी-फोर कमी आणि सोबत टीएसएच दोन आठवड्यांच्या आतल्या बाळात २०च्या वर, किंवा दोन आठवडे उलटल्यावर १०च्या वर, तर गोळी सुरू. टीएसएच ४०च्या वर असेल तर खात्रीसाठी रक्त काढून त्याच दिवशी गोळी सुरू करतात, दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहत नाहीत. टी-फोर चांगलं आणि टीएसएच थोडं वाढलेलं असेल, तर आयोडीन थांबवून आठवडाभरात पुन्हा पाहतात. तुमच्या बाळात बहुधा हाच तिसरा प्रकार निघेल. पण ‘बहुधा’वर थांबायचं नाही.

तपासणी कुठं? यवतमाळला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात होते. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचा दवाखाना, अमरावतीकडच्यांना तिथलं डफरीन (सरकारी स्त्री रुग्णालय). सरकारी दवाखान्यात आजारी बाळाची तपासणी, औषध आणि येण्याजाण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि ते वर्षभराच्या बाळापर्यंत लागू आहे. गाडीला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. चिठ्ठीवर ‘बेटाडीन लावले’ एवढंच लिहून पाठवू नका. किती टक्क्यांचं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसातून किती वेळा, वर पट्टी होती का, आई वापरते का, आणि गरोदरपणाचे आठवडे, हे सगळं लिहा. बाटलीचा फोटो काढून ठेवा. एवढं लिहिलेलं असलं तर रात्रपाळीच्या डॉक्टरलाही पुन्हा विचारत बसावं लागत नाही.

लक्षणं सांगते, पण त्यांच्यावर विसंबू नका. थायरॉइड कमी असलेली बरीच बाळं पहिले काही आठवडे अगदी साधी दिसतात. ‘लेकरू लय शांत आहे, रडत नाही, झोपूनच राहते’ असं आजी कौतुकानं सांगते तेव्हा तुमचे कान टवकारले पाहिजेत. दुधासाठी उठवावं लागणं, दोन घोट घेऊन थकणं, घोगरं रडणं, डाग-डाग दिसणारी थंड कातडी, शी फार कमी होणं, जीभ जाड वाटणं, बेंबी फुगणं. कावीळ पूर्ण दिवसांच्या बाळात दोन आठवड्यांनंतर आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तीन आठवड्यांनंतर टिकली तर थायरॉइड तपासायचंच. ती पाहताना दारात, दिवसाच्या उजेडात पाहा. मागची टाळू बोटाच्या टोकानं चाचपा. साधारण ती लागतही नाही, पण बोटाचं टोक तिथं बसत असेल तर नोंद करा.

गोळी सुरू झालीच, तर मात्रा दर किलोला दिवसाला १० ते १५ मायक्रोग्रॅम. १९०० ग्रॅमच्या बाळाला साधारण २५ मायक्रोग्रॅमची एक गोळी. गोळी चमच्यात ठेवून दुसऱ्या चमच्यानं चुरायची, आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी एक-दोन मिलीलीटर घालून लगेच पाजायची. वाटीभर दुधात टाकू नका, बाळानं दूध सोडलं की औषधही सुटतं. चुरून ठेवलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. लोह किंवा कॅल्शियमचे थेंब चालू असतील तर ते त्याच वेळी नकोत, चार तासांचं अंतर ठेवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना लोह लवकरच सुरू होतं, आणि सकाळी दोन्ही औषधं एकत्र पाजली जातात. मग टीएसएच काही उतरत नाही आणि सगळे गोळीला दोष देतात. दुसरं कारण आपल्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर ठेवलेली गोळी उष्णतेनं आणि उजेडानं निकामी होते. बाटली झाकण घट्ट लावून घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत, जमिनीलगतच्या डब्यात ठेवा. माठाच्या ओलाव्यात नको. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त, मग डॉक्टर सांगतील तसं. बाळाचं वजन भराभर वाढतं, तशी मात्राही पाहावी लागते. आयोडीनमुळे आलेला त्रास असेल तर पुढे गोळी कमी करून बंद करता येते, पण ते डॉक्टरनं करायचं. ‘आता बरं दिसते’ म्हणून घरच्यांनी नाही.

नाळेचं म्हणाल तर तिला काहीच लावायचं नसतं. हळद नाही, राख नाही, खोबरेल नाही, शेंदूर नाही, पावडर नाही, आणि बेटाडीन तर नाहीच. कोरडी ठेवली की ती पाच ते पंधरा दिवसांत पडते. पडायच्या आधी बुडाशी थोडं चिकट, पिवळट दिसतं, लंगोटाला रक्ताचा एखादा ठिपका लागतो. आजीला ओलसर दिसलं ते बहुधा हेच. जंतू झाल्याची खूण वेगळी असते. भोवतीची पोटाची कातडी लाल होऊन सुजते, पू येतो, घाण वास सुटतो. लाली पसरत असेल, अंग गरम किंवा थंडगार असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर १०८ला फोन करा, घरी उपाय करत बसू नका. नाळ पडल्यावर लाल ओला मणी उरला आणि त्यातून पाणी झिरपत राहिलं, तर तो बहुतेक वेळा साधा मांसांकुर असतो. त्यावर सोपा उपाय आहे, पण एकदा डॉक्टरनं पाहिल्यावरच. कधी कधी ते पाणी मूत्राशयाकडून आलेलं असतं. काही देशांत घरी होणाऱ्या बाळंतपणांसाठी नाळेला क्लोरहेक्सिडीन देतात. दवाखान्यात स्वच्छ बाळंतपण झालेल्या बाळाला त्याचीही गरज नाही.

आता बाळंतीण. याकडे कुणाचं लक्ष जात नाही. टाक्यांच्या जागेवर आणि योनीमार्गात लावलेलं बेटाडीन नाजूक अस्तरातून पटकन रक्तात जातं. स्तनाच्या ग्रंथी रक्तातलं आयोडीन दुधात ओढून घेतात. बाळाच्या गरजेसाठी निसर्गानं केलेली ती सोय आहे. पण आईच्या अंगात ते भरमसाट झालं की दुधातही भरमसाट. बाळाच्या बेंबीचं औषध थांबवलं आणि आईचं चालू ठेवलं, तर बाळाला मिळतच राहतं. म्हणून तेही बंद. टाके स्वच्छ कोमट पाण्यानं धुवायचे, टिपून कोरडे करायचे, कापड वेळेवर बदलायचं, एवढं पुरतं. लाल झाले, उसवले किंवा पू आला तर दाखवायचं. घसा दुखतो म्हणून बेटाडीनच्या गुळण्या रोज करू नका, मिठाच्या पाण्याच्या करा. दूध मात्र थांबवायचं नाही. वरचं दूध सुरू केलं तर आयोडीनपेक्षा मोठं संकट घरात येईल. आईला हृदयासाठी अमिओडॅरोन चालू असेल (त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं), किंवा आईचा अथवा बाळाचा रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन झाला असेल, तर तेही चिठ्ठीत लिहा. अशा रंगद्रव्यानंतर तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचं थायरॉइड तीन आठवड्यांच्या आत तपासावं, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२२ मध्ये दिली आहे.

राहिलं मीठ. घरच्यांना हे आकडे सांगा. दुकानात मिळणाऱ्या आयोडीनयुक्त मिठाच्या एका ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. दिवसाला पाच-सात ग्रॅम मीठ पोटात गेलं तर शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास. दूध पाजणाऱ्या आईची गरज आहे २५० मायक्रोग्रॅम. म्हणजे मिठातून ती जास्तीकडे जाणं शक्यच नाही, मीठ सोडलं तर कमी पडणं मात्र नक्की. बेटाडीनच्या एका मिलीलीटरमधलं आयोडीन मिठातून घ्यायचं तर साडेसहाशे ग्रॅमच्या वर मीठ खावं लागेल. आणखी एक, जिथं आयांच्या आहारात आयोडीन कमी होतं त्या भागांतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत बेटाडीनचा हा दुष्परिणाम जास्त दिसला आहे. गाठ आधीच रिकामी असली की एकदम आलेला मारा तिला जास्त झेपत नाही. त्यामुळे बेटाडीन बंद करणं आणि मीठ चालू ठेवणं या दोन्ही गोष्टी एकाच बाळासाठी आहेत.

बाळंतिणीला पथ्य म्हणून काही घरांत फक्त सैंधव देतात. त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. उपवासापुरतं ठीक, सव्वा महिना नको. आठवडी बाजारातलं सुटं खडे मीठही तसंच, आणि ते पावसात भिजलेलं, उन्हात ठेवलेलं असलं तर होतं तेही आयोडीन जातं. पुडीचं मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा, भाजी उतरवताना घाला. तुमच्याकडच्या मीठ तपासणी किटमधून या घरी एकदा करून दाखवा. चमचाभर मीठ सपाट करून त्यावर एक-दोन थेंब टाका. गडद जांभळा रंग आला तर १५च्या वर, फिका आला तर कमी. काहीच रंग आला नाही तर लगेच ‘आयोडीन नाही’ म्हणू नका. दुसऱ्या बाटलीतला फेरतपासणीचा थेंब टाकून पुन्हा पहिला थेंब टाका. आणि सुरू करण्याआधी किटवरची मुदत पाहा, कारण मुदत संपलेलं किट चांगल्या मिठालाही पांढरंच दाखवतं.